पत्ता चुकलेली गाठ

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. मध्यंतरी गौरी-गणपती झाले, वन्सं चार दिवस राहायला आल्या होत्या. जेवणं आटोपून आम्ही दोघी मागच्या पडवीत बसलो होतो, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "अगं, तू त्या ब्लॉगवर लोणच्यावर लिहितेस, प्रवासावर लिहितेस, माझ्या गाठीवर का नाही लिहीत? फक्त माझं नाव घालू नकोस. आणि उगाच रडकं लिहू नकोस."

तर ही वन्संच्या आज्ञेवरून लिहिलेली पोस्ट. घरच्या मंडळींना अर्धी गोष्ट ठाऊक आहे. उरलेली अर्धी माझी आहे, ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी पॅथॉलॉजिस्ट. आता निवृत्त. म्हणजे रक्त-लघवी तपासणारी बाई असं सगळ्यांना वाटतं तेही खरं, पण माझं मुख्य काम शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघून "हा कॅन्सर आहे की नाही" हे सांगायचं. तीसेक वर्षं तेच केलं.

२०२२ सालची गोष्ट. वन्सं तेव्हा ६७ वर्षांच्या. डाव्या स्तनावर, बोंडाच्या जरा बाहेरच्या बाजूला, आवळ्याएवढी गाठ. वरची कातडी निळसर झालेली आणि अधूनमधून तिथून पाण्यासारखं काहीतरी पाझरायचं. चार वर्षं होती म्हणे. चार वर्षं! "दुखत नव्हती, मग कशाला सांगायचं?" हे आपल्या घराघरातलं उत्तर. सोनोग्राफीत पाण्याची पिशवी आणि तिच्या आत एका बाजूनं वाढलेला घट्ट भाग दिसला. असं चित्र दिसलं की रेडिओलॉजिस्ट त्याला संशयिताच्या रांगेत घालतात आणि ते बरोबरच आहे. मग बारीक सुईनं पाणी ओढून तपासलं, ज्याला एफएनएसी म्हणतात ते. रिपोर्ट आला, "कॅन्सरचा संशय."

सर्जननी शुक्रवारची तारीख दिली. पूर्ण स्तन काढायचा. भाच्याचा रात्री साडेदहाला फोन, "मामी, शुक्रवारी करून टाकू ना? उशीर झाला तर पसरेल."

मी म्हटलं, "अजिबात नाही. आधी जाड सुईची बायोप्सी करायची."

त्यावर जो गदारोळ झाला तो विचारू नका. सुई घातली की कॅन्सर खवळतो, हा आमच्या नात्यागोत्यातला सर्वमान्य सिद्धांत. तो सांगणाऱ्यांत एक इंजिनियर होता आणि एक निवृत्त प्राचार्य. स्तनाच्या गाठीच्या बाबतीत ही भीती धरून बायोप्सी नाकारण्यात काहीही अर्थ नाही. बारीक सुईत सुट्या पेशी येतात, त्यांची आपापसातली रचना दिसत नाही. विटा दिसतात, भिंत दिसत नाही. जाड सुईत भिंतीचा एक तुकडा तरी हाती लागतो. एक अवयव कायमचा काढायचा तर नुसत्या विटा बघून काढू नये, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आजही आहे.

यात नवीन काही नाही. अमेरिकेतसुद्धा १९७०च्या दशकापर्यंत रीत अशी होती, की बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढून तिथल्या तिथे गोठवून बघायचा आणि कॅन्सर वाटला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. झोपताना बाईला माहीत नसायचं की उठेल तेव्हा काय राहिलेलं असेल. रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईंना १९७४ मध्ये स्वतःला कॅन्सर झाला तेव्हा त्या या रीतीविरुद्ध उभ्या राहिल्या. निदान एका दिवशी, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, मधल्या वेळात बाईला विचार करू द्या, एवढीच मागणी. १९७९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ बैठकीनं ती मान्य केली. आपल्याकडे शुक्रवारच्या तारखा अजून मिळतात.

असो. बायोप्सी झाली. पण हुश्श करण्याची वेळ आलीच नाही, कारण रिपोर्ट आणखी गोंधळाचा निघाला. पेशींवर काही खुणा तपासतात, त्या ईआर, पीआर आणि हरटू अशा तिन्ही निगेटिव्ह. तिथल्या पॅथॉलॉजिस्टनं लिहिलं होतं, "ट्रिपल निगेटिव्ह कार्सिनोमा नाकारता येत नाही." ज्यांच्या घरात हा शब्द येऊन गेलाय त्यांना त्याचं वजन सांगायला नको. ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे हार्मोनची गोळी चालणार नाही, म्हणजे बहुतेक केमो. भाच्यानं इंटरनेटवर वाचलं आणि तो दोन दिवस जेवला नाही.

मी स्लाइड मागवल्या. आणि खरं सांगते, पहिल्या मिनिटातच मला वाटलं की हा स्तनाचा आजार नाहीच.

इथे जरा थांबून शाळेतल्यासारखं समजावते, कंटाळू नका. स्तन हा अवयव कुठून आला? पोटातल्या गर्भाच्या कातडीवर काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक उंचवट्याची रेघ उमटते. तिचा बाकीचा भाग विरून जातो आणि छातीवरच्या ठिकाणी कातडी आत रुजून दूधग्रंथी बनते. म्हणजे दूधग्रंथी ही घामाच्या ग्रंथींच्याच घराण्यातली, मोठेपणी वेगळी चूल मांडलेली. शिवाय स्तनावर कातडी आहेच, आणि कातडीत घामाच्या, तेलाच्या, केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी आहेत. त्यांच्याही गाठी होतात. बहुतेक निरुपद्रवी. डोक्यावर, मानेवर, हातावर अशी गाठ आली तर त्वचारोगतज्ज्ञ ती काढून टाकतो आणि माणूस आठवड्यात विसरतो. तीच गाठ स्तनावर आली की तिचा पत्ताच तिचा गुन्हा ठरतो. आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही घराण्यांचे चेहरे इतके सारखे, की आडनाव सांगितल्याशिवाय ओळखू येत नाहीत.

वन्संच्या स्लाइडमध्ये दोन तऱ्हेच्या पेशी होत्या. काही गुलाबी, भरीव. काही पांढऱ्या, पोकळ दिसणाऱ्या, कारण त्यांच्यात ग्लायकोजेन साठलेलं असतं. मध्येच बारीक नळ्या. पेशींत उनाडपणा नाही, शिस्तीत बसलेल्या. आणि पी-६३ नावाची खूण गाठीच्या पेशींवर सर्वदूर उमटलेली. स्तनाच्या नेहमीच्या कॅन्सरच्या पेशींवर ती सहसा नसते. सहसा म्हणते, कारण काही विरळ कॅन्सरमध्ये असतेही, त्यामुळे एका खुणेवर फाशी नको आणि सुटकाही नको. आणि तिन्ही निगेटिव्हचं म्हणाल, तर घामग्रंथीच्या गाठीत त्या निगेटिव्ह येतात यात नवल काय? शेजाऱ्याच्या घरात आपल्या देवाचा फोटो नाही म्हणून त्याला नास्तिक म्हणण्यातला प्रकार.

माझा अंदाज होता हायड्राडिनोमा. घामग्रंथीची निरुपद्रवी गाठ. पण मी रिपोर्ट दिला नाही. नणंदेच्या स्लाइडवर वहिनीच्या डोळ्यांचा भरवसा धरू नये. मी भाच्याला सांगितलं, मेणाचे ब्लॉक घे आणि मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलला तपासायला दे. बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत माझे शुद्ध शाकाहारी नातेवाईक मला कच्चं खायला तयार होते. "मामीच्या हट्टापायी आईचं काही झालं तर?" हे भाच्यानं तोंडावर म्हटलं नाही, पण मला कळलं. (भाचेबुवा, वाचत असशील तर राग नाही. मी तुझ्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.)

उत्तर आलं. त्वचेच्या ग्रंथीची निरुपद्रवी गाठ, बहुधा हायड्राडिनोमा, भोवतीच्या थोड्या निरोगी भागासकट पूर्ण काढून पुन्हा तपासावी. काढली. पाऊण तासाचं काम. पूर्ण गाठ बघितल्यावर "बहुधा" गेलं.

आता पूर्ण का काढायची, निरुपद्रवी आहे तर? कारण अर्धवट राहिली तर ती त्याच जागी पुन्हा येते. आणि क्वचित तिचीच कॅन्सर झालेली भावंडं भेटतात, म्हणून अख्खी गाठ आणि तिच्या कडा बघितल्याशिवाय शिक्का मारता येत नाही. जवळजवळ निम्म्या हायड्राडिनोमांत एमएएमएल-टू नावाच्या जनुकाची एक विशिष्ट मोडतोड सापडते, पण तीच मोडतोड लाळग्रंथीच्या एका कॅन्सरमध्येही असते. तेव्हा महागडी तपासणी केली म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही.

माझं मत इथे सुरू होतं, आणि ते सर्जन मित्रांना आवडणार नाही. वन्संच्या पहिल्या तपासणीबरोबर जो कागद लॅबला गेला त्यावर लिहिलं होतं, "डाव्या स्तनात गाठ, कॅन्सर?" बस्स. कातडीला चिकटलेली आहे, अगदी वरच्या वर आहे, रंग निळसर आहे, पाणी पाझरतं, चार वर्षं आहे, यातलं एक अक्षर नाही. हे सगळं डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, बोटांनी चाचपलं होतं. स्लाइड बघणाऱ्याला ना बाई दिसते, ना गाठ. त्याला फक्त तो कागद दिसतो. "गाठ कातडीतली वाटते" हे तीन शब्द लिहायला किती वेळ लागतो? ते असते तर त्या पॅथॉलॉजिस्टच्या मनात घामग्रंथी आली असती. जे मनात येत नाही ते डोळ्याला दिसत नाही, हे माझ्या धंद्यातलं सगळ्यात लाजिरवाणं सत्य आहे. मी त्या पॅथॉलॉजिस्टला दोष देत नाही. त्यानं निदान "नाकारता येत नाही" असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. मी तेवढंही लिहिलं नव्हतं.

होय, आता माझी अर्धी.

१९९१ साल. मी एका जिल्ह्याच्या गावी नोकरीला होते. अडतिशीच्या एका शिक्षिकेच्या बोंडाचा छोटासा तुकडा आला. बोंड कडक झालेलं, आत ओढलेलं. स्लाइडमध्ये बारीक बारीक नळ्या, काही स्वल्पविरामासारख्या शेपटीच्या, स्नायूंच्या धाग्यांमधून घुसत गेलेल्या. घुसतंय म्हणजे कॅन्सर, हे समीकरण डोक्यात पक्कं. मी लिहिलं, "ट्युब्युलर कार्सिनोमा." प्रश्नचिन्ह नाही, "बहुधा" नाही, दुसऱ्या कुणाला दाखवणं नाही. आठवडाभरात स्तन काढला. काढलेला स्तनही माझ्याकडेच आला. गाठ बोंडाच्या आसपासच होती, खालच्या स्तनात काही नाही, काखेतल्या गाठी सगळ्या स्वच्छ. मला आनंद झाला हो! वाटलं, किती लवकर पकडला आपण. पुढे पाच वर्षं तिनं टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या घेतल्या. पाच वर्षं पुरी झाली तेव्हा ती पेढे घेऊन लॅबमध्ये आली. मी खाल्ला.

१९९८ मध्ये एका परिषदेला गेले होते. एका सत्रात पडद्यावर एक स्लाइड आली आणि माझ्या हातापायातलं बळ गेलं. तशाच नळ्या, तेच स्वल्पविराम, मध्ये शिंगासारख्या कठीण पदार्थानं भरलेल्या चिमुकल्या पिशव्या. वक्त्यांनी सांगितलं, ही बोंडाची सिरिंगोमाटस गाठ. घामाच्या नळीसारखी दिसते, आजूबाजूला घुसते, नीट काढली नाही तर पुन्हा येते, पण शरीरात पसरत नाही. रोझेन यांनी १९८३ मध्येच या गाठीवर लिहिलं होतं. म्हणजे मी रिपोर्ट लिहिला तेव्हा ही माहिती आठ वर्षं जुनी होती, फक्त माझ्या गावापर्यंत आली नव्हती. किंवा मी तिच्यापर्यंत गेले नव्हते, असं म्हणू.

परत येऊन कपाटातून जुनी स्लाइड काढली. तीच होती. शिंगाच्या पिशव्यासुद्धा होत्या, मी त्या १९९१ मध्ये पाहिल्याही होत्या आणि सोडून दिल्या होत्या.

मी सर्जनकडे गेले. ते वयानं मोठे, मला मुलीसारखं वागवणारे. म्हणाले, "आता सांगून काय उपयोग? ती जिवंत आहे, सुखात आहे, तुझं नाव घेते. कशाला उकरतेस?" मला तेच ऐकायचं होतं. मी गप्प बसले.

मग दोन वर्षांनी कुणाकडून तरी कळलं, की तिच्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांना कळलं होतं, की आईला ऐन तारुण्यात स्तनाचा कॅन्सर झाला होता. तेव्हा तरी मी जायला हवं होतं. माझ्याजवळ तिच्या आईचा निर्दोषपणाचा दाखला होता, काचेच्या पट्टीवर. मी गेले नाही. कारण तो दाखला दाखवायचा म्हणजे माझी सही दाखवायची. पुढे बाईंची बदली झाली, मग माझी.

"काढून टाकलं म्हणजे सुटलो, जास्त काढलं तर बिघडलं काय" असं म्हणणारे फार आहेत, डॉक्टरांतही आहेत. बिघडतं. चुकीचा कॅन्सर एकट्या बाईला होत नाही, तिच्या मुलींना होतो, बहिणींना होतो, विम्याच्या फॉर्मवर होतो. आणि निदान बदललं तर ते सांगितलंच पाहिजे, सात वर्षांनी असो की सतरा. कुणाचं नाव खराब होईल ते होऊ दे. हे मत बनवायला मला फार उशीर लागला म्हणून ते कमी खरं होत नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर उद्या कुणी तरी म्हणेल की तुम्हीच लिहिलं होतं. स्तनातली गाठ म्हणजे घामाची असेल, म्हणून बसून राहू नका! २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण बायका असल्याचा जागतिक कर्करोग संस्थेचा अंदाज आहे. त्या ढिगाऱ्यात हायड्राडिनोमा म्हणजे एखाद-दुसरा खडा. पॅथॉलॉजिस्टला आख्ख्या नोकरीत अशा गाठी बोटांवर मोजण्याइतक्या भेटतात. सर्जनला कॅन्सरचा संशय आला यात त्याची काही चूक नाही, संशय यायलाच हवा. वन्संनी चार वर्षं लपवली ही शुद्ध मूर्खपणाची गोष्ट होती आणि त्यांना मी ती तोंडावर सांगितली आहे. माझा राग संशयावर नाही, घाईवर आहे. आणि ती घाई एकट्या डॉक्टरांची नसते बरं का. लॅबच्या खिडकीत उभं राहून "रिपोर्ट उद्या मिळेल ना?" विचारणारे आपणच. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये नीट मुरावा लागतो, मग मेणात बसवायचा, कापायचा, रंगवायचा, खुणा तपासायच्या तर आणखी काही दिवस. चार वर्षं जुनी गाठ बारा दिवसांत काय करणार होती? पण तेव्हा घरात हे कुणाच्या गळी उतरत नाही. माझ्याही उतरलं नसतं, मी त्या धंद्यातली नसते तर.

आणि रिपोर्टमध्ये "बहुधा", "नाकारता येत नाही" असे शब्द दिसले की लोक म्हणतात, यांना काही येत नाही, दुसरी लॅब बघू. मला विचाराल तर त्या शब्दांसाठी पॅथॉलॉजिस्टला दोन पैसे जास्त द्यावेत. ते शब्द न लिहिल्यामुळे काय होतं ते वर सांगितलंच.

ही पोस्ट टाकण्याआधी वन्संना फोनवर वाचून दाखवली. शिक्षिकेच्या जागी आल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शोध तिला. शिक्षिका होती ना, पेन्शन कुठेतरी येत असेलच." मी म्हटलं, ती आता सत्तरीच्या पुढे असेल. त्या म्हणाल्या, "मग? मीही सत्तरीचीच आहे. मला कळलेलं आवडलंच असतं."

पुढच्या आठवड्यात जुन्या सर्जनांच्या मुलाला फोन करणार आहे. त्यांच्या दवाखान्याची जुनी रजिस्टरं त्यानं ठेवली असतील तर.

आणि हो, वन्संनी एक दुरुस्ती सांगितली आहे. गाठ आवळ्याएवढी नव्हती, लिंबाएवढी होती. टाटातून परत आलेला मेणाचा ब्लॉक त्यांनी फ्रिजवर, बरणीत ठेवलाय असंही कळलं. त्यांना सांगितलं, वन्सं, तिथे गरम झळ लागते, कपाटात ठेवा.